बळदातली माणसं

माझी आजी कंधार तालुक्यातली. चैत्रातल्या उकाड्यातही दाराला अडसर घातल्याशिवाय ती कधी निजली नाही. तिच्या माहेरी माळवदाचं घर होतं आणि घरात धान्याचं बळद. भिंतीआडचं, वरून तोंड असलेलं; आत उतरलं की हात हलवायलाही जागा नाही. निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार आल्याची आवई उठली की बायका-पोरी त्यात उतरायच्या आणि वर ज्वारीची पोती सरकवली जायची. तान्ह्या लेकराच्या तोंडात पदराचा बोळा. आजी एवढं सांगायची आणि गप्प व्हायची. पुढचं आम्ही विचारलं नाही, याची खंत मला आजही आहे.

हैदराबाद मुक्तिसंग्रामावर पुष्कळ लिहिलं गेलं. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी आठवणी लिहिल्या, अनंत भालेरावांनी इतिहास लिहिला. पण त्या लिखाणात लढणारा माणूस आहे. सोसून मागे उरलेला माणूस कडेकडेनं दिसतो. मला त्याच्याविषयी बोलायचं आहे.

हैदराबाद संस्थानाचं राज्य एकट्या निजामाच्या मर्जीवर चाले. 1938 साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. त्याच वर्षी उदगीरचे आर्यसमाजी कार्यकर्ते भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात वारले. 29 ऑक्टोबर 1946 रोजी बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. देश स्वतंत्र झाला त्या 15 ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली, आणि पुढचं वर्षभर गावोगाव रझाकारांचा अंमल राहिला. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. कल्हाळीच्या गढीत अप्पासाहेब नाईकांनी माणसं गोळा करून झुंज दिली; उदगीरजवळ हत्तीबेटावर तरुणांनी ठाणं मांडलं. 30 जानेवारी 1948 रोजी, गांधीजी गेले त्याच दिवशी, उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. हे पराक्रम आमच्या भागात पोरासोरांनाही ठाऊक आहेत.

ज्यांना लढता आलं नाही, त्यांची गावं उठली. रातोरात बैलगाड्या जुंपून माणसं हद्दीपलीकडे गेली, कुणी उमरखेडकडे, कुणी बार्शी-सोलापूरकडे. परतल्यावर कुणाचं घर जळालेलं, कुणाची बैलजोडी गेलेली. अंगावर काठीचे वळ होते, पण ते कुठल्या दप्तरात नोंदले गेले नाहीत. बायकांवर जे गुदरलं ते तर घरातल्या घरातही उच्चारलं गेलं नाही. विषय निघाला की बाई उठून चुलीपुढं जायची.

1972 साली केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना आली. अट सहा महिन्यांच्या तुरुंगवासाची, स्त्रियांसाठी पुढे तीन महिन्यांची. किंवा वॉरंट निघून तितका काळ भूमिगत राहिल्याची. पुरावा म्हणून तुरुंगाचा वा कोर्टाचा कागद, नाहीतर सोबतच्या कैद्याचा दाखला. निजामी दप्तर उर्दूत, बरंचसं हरवलेलं. त्यातून खरे सैनिक खेटे घालत राहिले आणि खोटे दाखलेही निघाले. बीड जिल्ह्यातलं प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. सरहद्दीवरच्या लढ्याच्या कॅम्पांत राबलेल्यांचा विचार पुढे झाला. बळदात बसलेल्या बाईसाठी मात्र त्या अर्जात रकानाच नव्हता.

आणि आता ते सांगायला हवं, जे आपण मराठवाड्यात दबक्या आवाजात बोलतो. 17 सप्टेंबर 1948 ला निजाम भारतीय फौजेपुढे शरण आला. लोक त्या सालाला अजून 'पोलीस अ‍ॅक्शनचं साल' म्हणतात. त्यानंतरच्या आठवड्यांत सूड उगवला गेला, आणि तो रझाकारांपुरता राहिला नाही. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाहणीला पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते नऊ जिल्हे फिरले. त्यांच्या अंदाजानं संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली. सर्वांत वाईट चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा यांच्यासोबत नांदेड होता. लातूर तेव्हा उस्मानाबादेत. लातूर शहरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली, हजारावर मुसलमान मारले गेले. दहा हजार मुसलमानांच्या वस्तीतले जेमतेम तीन हजार शहरात उरल्याचं समितीला दिसलं. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. रझवी शिक्षा भोगून 1957 साली सुटला आणि पाकिस्तानात गेला; त्याच्या गावच्या ज्या विणकरांचा, बागवानांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता, त्यांनी किंमत मोजली. माझ्या आजीचं दुःख खरं म्हणून या माणसांचं खोटं ठरत नाही. त्याच अहवालात हेही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांना वाचवायला आडवे आले, आणि त्यात त्यांचेही जीव गेले. त्यांच्या नावाचा एखादा स्तंभ माझ्या तरी पाहण्यात नाही.

1948 साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या घरात आहे. उदगीर, कंधार, बिलोली, लातूरच्या गल्ल्यांत, हिंदू-मुसलमान दोन्ही मोहल्ल्यांत, अशी मोजकी माणसं उरली आहेत. त्यांचं बोलणं मोबाईलवर टिपून घ्यायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. जाताना दाखला, पुरावा, तारीख मागू नये. शेजारी बसावं, पीकपाणी विचारावं, चहा झाला की त्या सालाचा विषय काढावा. पहिल्या दिवशी ती बहुधा काही सांगणार नाहीत. दुसऱ्या दिवशी परत जावं.