दंड भरला म्हणजे केस संपली का?

पेण आणि रोह्याच्या कोर्टात मी अनेक वर्षे वकिली करतो. मागच्या महिन्यात रोहा तालुक्यातील एका बौद्धवाडीतली मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. आईबाप मोलमजुरी करणारे. मुलीने जीएनएमचा ३ वर्षांचा कोर्स पुरा केला. आता मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचे, कारण त्या नोंदणीवाचून परिचारिका म्हणून काम करता येत नाही. पुढे सरकारी भरती, म्हणजे पोलीस पडताळणी आलीच. आणि मुलीच्या नावावर शिक्षा आहे!

शिक्षा कसली? जयंतीच्या मिरवणुकीवरून गावात वाद झाला. दोन्हीकडून फिर्यादी झाल्या. बेकायदा जमाव, मनाई आदेशाचा भंग अशी कलमे लागली आणि वस्तीत दिसेल त्याचे नाव त्यात आले. मुलगी तेव्हा १९ वर्षांची. तारखांपायी मजुरी बुडू लागली, तेव्हा आमच्याच धंद्यातील एका महाशयांनी सांगितले, "गुन्हा कबूल कर, ५०० रुपये भर आणि मोकळी हो." तिने तसे केले. ती पावती आईने बाबासाहेबांच्या फोटोमागे जपून ठेवली होती, केस मिटल्याचा पुरावा म्हणून.

समाजबांधवांनो, ती पावती दोषी ठरल्याचा पुरावा आहे. गुन्हा दाखल होणे निराळे आणि दोषी ठरणे निराळे. खटला चालू असेपर्यंत कायदा आपल्याला निर्दोष मानतो. कबुली दिली की ते कवच गेले. मग अपीलही शिक्षा किती आणि ती कायदेशीर की नाही, एवढ्यापुरतेच उरते. आपल्या किती पोरापोरींनी अशा कबुल्या दिल्या आहेत, याचा हिशेब कोणी ठेवला आहे काय?

मग हिची नोंदणी बुडाली का? माझ्या मते नाही. व्यवसायाच्या नोंदणीत खरी कसोटी असते ती नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याची. चोरी, फसवणूक यांच्या पंक्तीत मिरवणुकीतला जमाव कसा बसेल? हरियाणातील पवनकुमार याची नोकरी २० रुपये दंडाच्या शिक्षेपायी गेली होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि किरकोळ दंडाने कोणाची नोकरी जाऊ नये असा कायदा संसदेने करावा, असेही सुचविले. २०१६ च्या अवतार सिंग निकालात तर तरुणपणी घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे दुर्लक्ष करता येईल, असे स्पष्ट म्हटले आहे. मात्र माहिती खरी द्यावी, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा फॉर्मवर विचारले असेल तर लपवू नका. लपवाछपवीनेच जास्त पोरे घरी बसतात.

आणखी एक. कबुली द्यावीच लागली, तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन सोडण्याची विनंती कोर्टाला करता येते. त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, अशा शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. शिक्षेची नोंद पुसली जात नाही, हे खरे. पण ही विनंती करायला वकिलाला दोन मिनिटे लागतात. या मुलीसाठी ती कोणी केली नाही. घटनेवेळी वय १८ च्या आत असेल, तर बाल न्याय कायद्याचे संरक्षण याहून भक्कम आहे. शाळेचा दाखला आधी काढा.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, चवदार तळ्याचा दावा १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या कोर्टात सवर्णांनी बाबासाहेबांवर लावला. कंटाळून तो मिटवला असता, तर १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला नसता. दहा वर्षे तारखा पडल्या.

मुलीच्या अर्जासोबत आम्ही निकालाची सहीशिक्क्याची नक्कल, दोषारोपपत्र आणि तिचे खरे निवेदन जोडले आहे. तिचा धाकटा भाऊ त्याच केसमध्ये आरोपी आहे. त्यालाही ५०० रुपये तयार ठेवायला सांगितले होते. त्याची तारीख येत्या सोमवारी रोह्याला आहे आणि वकीलपत्र मी घातले आहे.