उष्टावण झालं, पुढं काय?

आज बोलायचंय लेकरांच्या खाण्याबद्दल, त्यातही सहा महिने ते दोन वर्षं या वयाच्या लेकरांबद्दल. सासूबाई घरात असतील तर त्यांनाही जवळ बोलवा. लेकराच्या तोंडात काय जायचं हे पुष्कळ घरांत त्याच ठरवतात, आणि आजचं बोलणं जितकं सुनांसाठी आहे तितकंच त्यांच्यासाठी.

उष्टावण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मामा येतो, नवं अंगडं-टोपडं आणतो, वाटीत खीर असते, मामा लेकराला मांडीवर घेऊन पहिला घास चाटवतो. मुलगा असला तर सहाव्या नाहीतर आठव्या महिन्यात, मुलगी असली तर पाचव्या नाहीतर सातव्या. आपल्या जुन्या बायांचा हिशोब फारसा चुकलेला नव्हता. डॉक्टरही सांगतात की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही, आणि सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू. फक्त एक दुरुस्ती करायची. मुलगी म्हणून महिनाभर आधी नको आणि मुलगा म्हणून दोन महिने उशीर नको. दोघांची भूक एकाच वेळी वाढते.

अंबाजोगाईच्या आसपासच्या गावांत गटांच्या बैठका घेताना आम्ही एक प्रश्न विचारतो: उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी लेकराला काय दिलं? बाया एकमेकींकडं बघतात. मग कुणी म्हणते वरणाचं पाणी, कुणी म्हणते चहात बुडवून बिस्किट, कुणी म्हणते, काही नाही, दूध होतंच की. म्हणजे उष्टावणाचा एक दिवस थाटात होतो आणि पुढचं दीड वर्ष कुणाच्या लक्षात राहत नाही. लेकराचं सगळं गणित मात्र त्या दीड वर्षातच असतं.

दूध आहे, पण पुरत नाही

सहा महिन्यांनंतर आईचं दूध बंद करायचं नाही. दोन वर्षं आणि त्यापुढंही पाजायचं. पण सहा ते बारा महिन्यांच्या लेकराला लागणाऱ्या ताकदीपैकी साधारण निम्मीच दुधातून मिळते. वर्षानंतर तर एक तृतीयांशच. बाकीची वाटीतून यावी लागते. दुसरी गोष्ट रक्ताची. आईच्या पोटातून लेकरू लोहाचा जो साठा घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो. म्हणून या वयात लेकरं पांढुरकी पडतात, किरकिर करतात, आणि आपण म्हणतो नजर लागली.

किती द्यायचं? सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीन वेळा. हळूहळू आठव्या महिन्यापर्यंत एका वेळेला अर्धी वाटी. नऊ ते अकरा महिन्यांत अर्धी वाटी तीन-चार वेळा. वर्ष झालं की पाऊण ते एक वाटी तीन-चार वेळा, आणि मध्ये एक-दोनदा केळं, उकडलेलं रताळं असं काहीतरी. वाटी म्हणजे पाव लिटरची, आपली भाजीची मोठी वाटी. लेकराची वाटी वेगळी ठेवा. मोठ्यांच्या ताटातून घास-घास भरवला तर त्यानं किती खाल्लं ते कळतच नाही.

आता वरणाच्या पाण्याबद्दल. वरचं निवळ पाणी देऊन आपल्याला वाटतं, डाळ दिली. डाळ तर खाली राहिली! लेकराचं पोट वाटीभराचं. ते पाण्यानं भरलं तर जेवणाला जागा कुठं? म्हणून घट्ट द्या. चमचा तिरपा केला तर पटकन ओघळू नये इतकं घट्ट. ज्वारीची भाकर घट्ट वरणात कुस्करून मऊ करा, वरून चमचाभर तेल नाहीतर तूप घाला. त्यात शिजवून घोटलेली पालेभाजी घाला, मग ती तांदुळजा असो, मेथी असो की शेवग्याचा पाला. लिंबाचे दोन थेंब पिळा, पाल्यातलं लोह अंगी लागतं. अंडं चालत असेल तर पूर्ण उकडून, कुस्करून द्या. वर्षाच्या आत मीठ घालू नका आणि मध चाटवू नका. मधातून तान्ह्या लेकराला गंभीर विषबाधा होऊ शकते. चहा तर नकोच, तो जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही.

यासाठी बाजारातून डबा आणायची गरज नाही. घरातलंच जेवण, पण मऊ, घट्ट आणि वेळेवर.

चव घरातच लागते

आता मुख्य गोष्ट. आपण म्हणतो, "आमच्या लेकराला भाजी आवडतच नाही." मैत्रिणींनो, कुठलंच लेकरू भाजीची आवड घेऊन जन्मत नाही. गोड मात्र प्रत्येकाला जन्मापासून आवडतं आणि कडू नकोसं वाटतं. भाजीची आवड लावावी लागते, आणि ती लागण्याचे दिवस हेच, पहिल्या दोन वर्षांचे.

लेकरानं मेथीचा पहिला घास तोंडातून बाहेर ढकलला म्हणजे त्याला मेथी नको असा अर्थ नाही. नवी चव ओळखीची व्हायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा द्यावी लागते. आपण दुसऱ्याच वेळेला हरतो. आज एक चमचा द्या. थुंकलं तर राहू द्या, रागावू नका, नाक दाबून भरवू नका. दोन दिवसांनी पुन्हा एक चमचा. आणि ते बघत असताना तुम्ही स्वतः तीच भाजी खा. आपल्या ताटात काय आहे हे लेकरू आपल्या बोलण्यापेक्षा जास्त लक्ष देऊन बघतं. मोबाईल दाखवून भरवलं तर घास पोटात जातो, पण आपण काय खाल्लं आणि पोट कधी भरलं हे लेकराला कळत नाही.

ही ओळख त्याहीआधी सुरू होते. आई गरोदरपणात आणि पाजताना जे खाते, त्याची चव गर्भजलातून आणि दुधातून लेकरापर्यंत पोहोचते. म्हणून बाळंतिणीची भाजी बंद करणाऱ्या पथ्यांचा पुन्हा विचार करायला हवा. आईची भाजी बंद केली की लेकराची भाजीशी ओळखही लांबते.

आणि जशी भाजीची चव लागते, तशीच पुडीचीही लागते. पाच रुपयांची कुरकुरीत पुडी, क्रीमचं बिस्किट. मीठ, साखर, तेल, तिन्ही भरपूर. तिला आठ-दहा वेळा लागत नाहीत, एकदाच पुरते. पोट चिमुकलं, अर्धी पुडी खाल्ली की भूक मरते, आणि जेवणाच्या वेळी आपण म्हणतो, "हे खातच नाही." हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये देशासाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दोन वर्षांपर्यंतच्या लेकराला वरून साखर देऊच नका असं सांगितलंय. गूळ लोहाचा म्हणून आपण घालतो, पण लेकराच्या जिभेला तोही गोडच.

आमचीही चूक

हे सांगताना आम्हाला आमचीच गोष्ट लपवता येणार नाही. गटाच्या बैठकीला बाया लेकरं घेऊन येतात. हिशोब चालू असताना ती रडायला लागली की आम्ही काय करत होतो? चहापाण्याच्या पैशातून बिस्किटाचे पुडे आणून हातात देत होतो. एका बैठकीत अंगणवाडीताई वजनकाटा घेऊन आल्या. चौदा महिन्यांच्या एका लेकराचं वजन तीन महिने जिथल्या तिथं होतं. त्याची आई म्हणाली, "ताई, हे बिस्किटाशिवाय काही घेतच नाही." आणि त्या वेळीही त्याच्या हातात आम्हीच दिलेलं बिस्किट होतं. कुणी काही बोललं नाही. पण पुढच्या बैठकीपासून पुडे बंद झाले. आता प्रत्येक आई लेकराची वाटी भरून आणते आणि हिशोबाच्या आधी सगळी लेकरं एकत्र खातात. दुसरं लेकरू खातंय हे बघून तेही दोन घास घ्यायला लागलं. एक काळजी मात्र घ्या. अख्खे शेंगदाणे आणि फुटाणे पाच वर्षांच्या आतल्या लेकराला देऊ नका, श्वासनळीत अडकतात. कूट करून द्या.

गटातल्या एका ताईंचं किराणा दुकान आहे, गटाच्याच कर्जातून उभं राहिलेलं. त्या म्हणाल्या, "मी पुड्या विकल्या नाहीत तर पलीकडचा विकेल, माझा हप्ता कोण भरणार?" त्यांचं खोटं नाही. दारात लटकवलेल्या माळा त्यांनी आत नेल्या आणि पुढं केळी ठेवली, एवढं झालं. पुड्या अजून विकल्या जातात. हा प्रश्न आमच्याकडून सुटलेला नाही, म्हणून तुमच्यापुढंही ठेवतोय.

कोपीवर जाताना

आपल्या बीड जिल्ह्यात आणखी एक अडचण आहे. दसरा झाला की टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, कोयत्याला जोडीनं जावं लागतं, आणि लेकरू बरोबर. पहाटे चारला आई फडात, लेकरू कोपीत मोठ्या बहिणीजवळ. ती बहीणही आठ-दहा वर्षांची. चूल पेटवणं तिच्या हातात देता येत नाही, म्हणून तिच्या हातात पुडा देऊन आई जाते. ऊस आपण तोडायचा, त्याची साखर व्हायची, आणि ती बिस्किटातून आपल्याच लेकराच्या तोंडात यायची. या आईला दोष द्यायचा नाही. तिच्याजवळ पुड्याच्या जागी दुसरं काही हवं, एवढंच.

आपल्याकडं ते आहे. नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या करतो ना, त्याच करा. लाही म्हणजे शिजलेलाच दाणा. लाह्यांचं पीठ दोन वाट्या आणि फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ एक वाटी, दोन्ही बारीक चाळून कोरड्या डब्यात घट्ट झाकून ठेवा. शेंगदाणे चक्कीत घालू नका, तेल सुटतं आणि पीठ लवकर खवट होतं. अर्धी वाटी कूट वेगळा करा, थोडा थोडा, आठवड्याला लागेल इतका. द्यायच्या वेळी उकळून कोमट केलेल्या पाण्यात किंवा दुधात पीठ घट्ट कालवा, चमचाभर कूट घाला, केळं असेल तर कुस्करा. चूल लागत नाही, कालवलेलं लगेच संपवायचं. कालवण्याआधी साबणानं हात धुवायचे, हे त्या बहिणीलाही शिकवा. दसऱ्याआधी गटानं मिळून एक दिवस लाह्या फोडल्या, तर जाणाऱ्या प्रत्येक लेकराबरोबर एक डबा देता येईल.

आणि निघण्याआधी अंगणवाडीताईंना भेटा. स्थलांतराची नोंद पोषण ट्रॅकरवर करता येते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या लेकराला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिलाय. गाव बदललं म्हणून तो हक्क संपत नाही. कारखान्याजवळच्या अंगणवाडीत जाऊन नाव सांगा. घरी आणायच्या आहाराचं पाकीट ज्या लेकराच्या नावाचं, त्याच्याच वाटीत जाऊ द्या. सगळ्या घरात वाटलं तर त्याच्या वाट्याला चमचाही येत नाही.

हे जमतं

कुपोषण हे नशीब नाही. २००५ मध्ये राज्यानं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं, आणि तेही आपल्या मराठवाड्यातून, औरंगाबादहून. भर होता गर्भापासून दोन वर्षांपर्यंतच्या हजार दिवसांवर. २००५-०६ मध्ये राज्यात दोन वर्षांखालच्या १०० लेकरांत ३९ वयाच्या मानानं खुजी होती. २०१२ च्या पाहणीत ती २३-२४ वर आली. पण काम थांबवण्यासारखं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या पाच वर्षांखालच्या १०० लेकरांत ३५ खुजी निघाली. आणि देशभरात सहा ते तेवीस महिन्यांच्या १०० लेकरांत साधारण ११ जणांनाच पुरेसं आणि वेगवेगळं अन्न मिळत होतं.

दर महिन्याला वजन करून घ्या. दंडाची रंगीत पट्टी लावायला सांगा. हिरवा रंग बरा, पिवळा आला तर सावध व्हा. लाल, म्हणजे दंड साडेअकरा सेंटीमीटरच्या आत, आला तर थांबू नका. आशाताईंना घेऊन आरोग्य केंद्रात जा, नाहीतर थेट अंबाजोगाईला स्वारातीच्या दवाखान्यात, बालरोग विभागात.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक प्रश्न मांडा: आपल्या गटात दोन वर्षांखालची लेकरं किती, आणि त्यांनी काल दिवसभरात काय खाल्लं? नावानिशी वहीत लिहा. बचतीच्या रकान्याशेजारी लेकराच्या वाटीचाही एक रकाना असू द्या. महिन्याभरानं वही उघडाल तेव्हा तुमचं तुम्हालाच कळेल, पुढं काय करायचं ते.