स्पॉटिंग स्कोप घेताना : सोलापूरच्या तलावांसाठी आणि माळरानासाठी

डिसेंबरातल्या सकाळी हिपरग्याच्या तलावावर उभं राहिलं, की चांगल्या 8×42 दुर्बिणीचीही मर्यादा लवकर कळते. जवळचे शेकाटे, वारकरी, हळदी-कुंकू बदकं सहज ओळखता येतात. पण दूरच्या चिखलावर लगबगीने फिरणारे चिमणीएवढे करडे पक्षी नुसते ठिपके राहतात. त्यांतला छोटा टिलवा कोणता आणि टेमिंकचा टिलवा कोणता, हे पायांच्या रंगावरून ठरतं. छोट्याचे पाय काळे, टेमिंकच्याचे पिवळसर. तीनशे मीटरवरून तो रंग पाहायचा, तर स्पॉटिंग स्कोप लागतो.

स्कोप म्हणजे एका डोळ्याने पाहायची, तिकाटण्यावर बसवलेली मोठ्या ताकदीची दुर्बीण. तिचा हिशोब सोपा आहे. पक्ष्याचं अंतर भागिले पट. 300 मीटरवरचा टिलवा 8 पटीच्या दुर्बिणीतून साडेसदतीस मीटरवर असल्यासारखा दिसतो, 30 पटीच्या स्कोपमधून 10 मीटरवर असल्यासारखा. हा हिशोब वाचून कोणालाही वाटेल, की मग 60 पटीचाच घ्यावा. कमी पैशांत खरेदी करणारे नेमके इथेच फसतात. पट वाढवणं स्वस्त आहे. वाढवलेल्या पटीत चित्र उजळ, स्पष्ट आणि स्थिर ठेवणं महाग आहे. म्हणून बजेट थोडं असेल तर पैसे प्रकाशावर आणि स्थैर्यावर खर्च करावेत. पट त्यांच्यामागून येऊ द्यावी.

आकड्यांचा अर्थ

स्कोपवर 20-60×60 किंवा 20-60×80 असं लिहिलेलं असतं. पहिले दोन आकडे पटीचे. झूम फिरवून 20 पासून 60 पर्यंत जाता येतं. शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. प्रकाश किती आत येणार हे या व्यासावर ठरतं, आणि तो व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. 80 चा वर्ग 6400, 60 चा 3600. म्हणजे 80 मिमीचं भिंग 60 मिमीच्या जवळजवळ पावणेदोन पट प्रकाश गोळा करतं.

आता व्यासाला पटीने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या रुंदीचा प्रकाशाचा झोत स्कोपमधून डोळ्यात शिरतो. 60 मिमीच्या स्कोपला 20 पटीवर तो 3 मिमी असतो, 30 पटीवर 2 मिमी आणि 60 पटीवर फक्त 1 मिमी. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिमीपर्यंत आकसते, त्यामुळे 2 मिमीचा झोत चालून जातो. संध्याकाळी बाहुली मोठी होते आणि 1 मिमीच्या झोतात सगळं काळपट, पिठूळ दिसू लागतं. नान्नजच्या गवताळ माळावर हिवाळ्यात भोवत्या येतात. अंधार पडता पडता हे शिकारी पक्षी गवतात मुक्कामाला उतरतात. पांढुरक्या भोवत्याची मादी आणि माँटेग्यूच्या भोवत्याची मादी दिसायला इतक्या सारख्या, की पहिलीच्या मानेभोवतीचा फिकट पट्टा नीट दिसला तरच खात्री होते. तो पट्टा अशा सांजवेळी 25 पटीच्या उजळ चित्रात दिसतो. 60 पटीच्या अंधुक चित्रात तो विरून जातो.

सोलापुरात पट कमी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. ऊन तापलं की जमिनीलगतची गरम हवा वर चढते, तिच्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो आणि दूरचा पक्षी थरथरताना दिसतो. स्कोप पक्ष्याबरोबर ती थरथरही तितक्याच पटीने मोठी करतो. कितीही महाग काच आणली तरी तिच्यावर उपाय नाही. हिवाळ्यातही दिवस वर आला की उघड्या माळावर 30-40 च्या पुढची पट वापरणं कठीण होतं, मग एप्रिल-मेची गोष्टच सोडा. म्हणजे 60 पटीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे इथे दिवसाचे बरेच तास पडूनच राहणार.

कोणता व्यास घ्यावा

50 मिमीचे स्कोप हलके असतात, पिशवीत मावतात, बस आणि दुचाकीवरून फिरणाऱ्याला सोयीचे पडतात. पण सकाळ-संध्याकाळच्या उजेडात ते कमी पडतात. 80 मिमीचे उजळ असतात, मात्र त्यांचं वजन आणि त्यांना पेलणारा भक्कम ट्रायपॉड धरला तर खर्च आणि ओझं दोन्ही वाढतं. हिपरगा, शहरातले सिद्धेश्वर आणि संभाजी तलाव, उजनीचं बॅकवॉटर आणि नान्नजचा माळ, असं सगळीकडे नेण्यासाठी 60 ते 65 मिमीचा स्कोप मध्यममार्ग ठरतो.

बजेटमध्ये 80 मिमीची साधी काच आणि 60-65 मिमीची चांगली काच यांतून एक निवडायची असेल तर चांगली काच घ्या. साध्या काचेतून निघताना वेगवेगळे रंग थोड्या वेगवेगळ्या जागी एकवटतात. म्हणून पांढऱ्या बगळ्याच्या किंवा आकाशासमोरच्या फांदीच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते. ‘ईडी’ लिहिलेल्या काचेत ही किनार बरीच कमी होते. 20-25 पटीवर दोन्हींतला फरक थोडा असतो, 40 च्या पुढे तो ठळक जाणवतो. ईडी परवडत नसेल तर ‘फुली मल्टी-कोटेड’ एवढं तरी पाहाच. त्याचा अर्थ असा, की हवेला लागून असलेल्या भिंगांच्या सर्व पृष्ठभागांवर परावर्तन कमी करणारे अनेक थर दिलेले आहेत. नुसतं ‘कोटेड’ लिहिलेलं असेल तर लेप एखाद-दुसऱ्या पृष्ठभागावरच असू शकतो.

चष्मा लावणाऱ्यांनी ‘आय रिलीफ’ विचारावा. डोळा भिंगापासून किती दूर ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते हे अंतर. 15 मिमी किंवा त्याहून जास्त असेल तर चष्म्यासकट पाहता येतं. झूम वाढवल्यावर ते बदलू शकतं, म्हणून दोन्ही टोकांना तपासा.

सरळ की तिरका

सरळ स्कोपमध्ये डोळा आणि पक्षी एका रेषेत असतात. त्यामुळे पक्षी पटकन सापडतो, गाडीच्या खिडकीतून किंवा मचाणावरून पाहायलाही सोपं जातं. तिरक्यात 45 अंशांनी वाकून वरून पाहायचं असतं. तो हाताळायला थोडा सराव लागतो, पण ट्रायपॉड कमी उंचीवर ठेवता येतो, म्हणजे वाऱ्यात कमी हलतो. शिवाय उंच माणूस आणि शाळकरी मूल दोघंही स्टँड न हलवता आळीपाळीने पाहू शकतात. गटाने किंवा मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिरकाच घ्यावा.

ट्रायपॉड हा निम्मा स्कोप

30 पटीवर हाताचा हलका स्पर्शसुद्धा 30 पट मोठा होतो. मोबाइलसाठी मिळणाऱ्या काडीसारख्या स्टँडवर चांगला स्कोपही निरुपयोगी ठरतो. समजा, हाताशी 20 हजार रुपये आहेत. त्यातले किमान पाच-सहा हजार ट्रायपॉड आणि त्याच्या हेडसाठी (स्कोप बसतो तो वरचा भाग) आधीच बाजूला काढा, मग उरलेल्यात स्कोप पाहा. हेड व्हिडिओसाठी वापरतात तसं, एका दांड्याने आडवं-उभं सावकाश फिरणारं असावं. बॉल हेडवर पोहणाऱ्या बदकामागे स्कोप फिरवणं अवघड जातं. घरात चांगला ट्रायपॉड आधीच असेल तर तोच वापरून पाहा, बचत होईल.

माळावर वारा असतो. पाय उघडताना आधी वरचे जाड भाग उघडा. मधला दांडा वर काढायचं टाळा. खालच्या हुकाला पाठपिशवी अडकवा, मात्र ती जमिनीला टेकलेली असू द्या, नाहीतर तीच हेलकावे खाईल.

दुकानात काय तपासावं

‘40×60’ किंवा त्याहून मोठे आकडे छापलेल्या खिशात मावणाऱ्या स्वस्त नळ्या ऑनलाइन भरपूर विकल्या जातात. त्यांचा दावा मोजपट्टीने तपासता येतो. नळी हातभर लांब धरून उजळ आकाशाकडे रोखा, सूर्याकडे कधीही नाही. डोळ्याकडच्या भिंगात एक उजळ गोल चकती दिसेल, तिची रुंदी मोजा. पुढच्या भिंगाच्या व्यासाला या रुंदीने भागलं की ढोबळ पट मिळते. 60 मिमीचं भिंग खरोखर 40 पटीचं असेल तर चकती दीड मिमीची हवी. ती सहा-सात मिमीची भरली, तर नळी आठ-दहा पटीचीच आहे.

खऱ्या स्कोपची पारख दुकानाच्या ट्यूबलाइटखाली होत नाही. तो बाहेर आणून, ट्रायपॉडवर लावून रस्त्याच्या दूरच्या टोकावरची पाटी वाचा. फोकस फिरवताना अक्षरं एका ठिकाणी लख्ख यायला हवीत. मग झूम वाढवत जा आणि अक्षरं कोणत्या आकड्याला मऊ होतात ते पाहा. त्या स्कोपची तुमच्या कामाची पट तिथपर्यंतच समजा. आकाशासमोरची तार धरून रंगीत किनार पाहा. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची मुदत आधी वाचा आणि ही तपासणी पहिल्या दिवशीच उरका. जुना घेताना पुढच्या बाजूने टॉर्च टाकून आत बुरशीचं जाळं नाही ना, ते बघा. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘नायट्रोजन भरलेला’ असेल तर पावसाळ्यात आतून वाफ धरत नाही, आणि आपल्याकडच्या बारीक धुळीपासूनही बचाव होतो. भिंगावरची धूळ आधी ब्लोअरने उडवावी, मग मऊ कापड लावावं. शर्टाच्या टोकाने पुसलं की चरे पडतात.

घाई नको

साधी दुर्बीण अजून घेतली नसेल तर आधी तीच घ्या. 8×42 शिवाय स्कोप अपुरा आहे, कारण पक्षी शोधायचा दुर्बिणीने आणि पाहायचा स्कोपने. ज्यांना एकट्याला झेपत नाही, त्यांनी तिघा-चौघांत मिळून एक चांगला स्कोप घ्यावा. तलावावर तो एका वेळी एकच जण वापरतो.

स्कोप घेतल्यावर सुरुवात नेहमी सर्वांत कमी पटीने करा, पक्षी सापडला की मग वाढवा. सकाळी पूर्वेच्या काठावर आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी राहील आणि पिसांचे रंग खरे दिसतील. उजनीवर रोहित पाहताना चोचीवर थांबा. मोठ्या रोहितची चोच गुलाबी आणि टोकाला काळी असते, लहान रोहितची जवळजवळ सगळीच गडद.

स्कोपने दूरवरून पाहणं पक्ष्यांच्याही हिताचं आहे. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी 1970 च्या दशकात नान्नजच्या माळढोकाकडे सर्वांचं लक्ष वेधलं आणि 1979 मध्ये तिथे अभयारण्य झालं. माळढोक उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. माणूस जवळ गेला आणि पक्षी उठला, तर ते अंडं उन्हात आणि कुत्र्या-कावळ्यांच्या तोंडी पडतं. माळावर घरटी करणाऱ्या धाविक, टिटवी, चंडोल यांचंही तसंच. स्कोप असला की जवळ जायची गरजच उरत नाही. पक्ष्याने चरायचं थांबवून मान ताणली, की आपण हद्द ओलांडली असं समजा आणि मागे या. 60-65 मिमीचा तिरका स्कोप, भक्कम ट्रायपॉड आणि पक्ष्यापासून राखलेलं अंतर, एवढ्यावर सोलापूरच्या बहुतेक पक्ष्यांची नीट ओळख होते.