दुसऱ्या खेपेचा रामा

पिंपरीच्या टेल्कोची इंडिका डिसेंबर १९९८मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्यासाठी लाखाहून जास्त लोकांनी आगाऊ पैसे भरले होते. पुढच्या काही महिन्यांत तक्रारीही तितक्याच उत्साहाने आल्या. गाडी आवाज करते, हादरे बसतात, टायर लवकर झिजतात. कंपनीने त्या तक्रारी घेतल्या, एकेक दुरुस्त केली आणि २००१मध्ये इंडिका व्ही-टू आणली. ती चालली. पुढे कितीतरी वर्षं पहाटे विमानतळावर सोडायला दारात येणारी टॅक्सी बहुतेक वेळा इंडिकाच असायची, आणि तिच्या मागच्या दारावर व्ही-टू हीच खूण असायची.

पिंपरी-चाकणच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात ‘दुसरा भाग’ म्हटलं की हेच डोळ्यांपुढे येतं. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपपासून चाकणच्या असेंब्ली लाइनपर्यंत सगळ्यांचा हिशेब एकच: पहिल्या लॉटमध्ये रिजेक्शन किती, रीवर्क किती, आणि पुढच्या लॉटमध्ये ते किती कमी झालं. दुसरी खेप पहिलीपेक्षा वाईट निघाली तर कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. कंपनीच्या बसमध्ये बसून विज्ञानकथा वाचणारा माणूस हाच हिशेब डोक्यात घेऊन पुस्तकाचा दुसरा भाग उघडतो, आणि तिथे त्याची पुरती फसगत होते.

फसगतीचा सगळ्यात नामांकित नमुना म्हणजे आर्थर सी. क्लार्कचा ‘रामा’. ‘रॉन्देव्हू विथ रामा’ ही कादंबरी १९७३ची. ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार तिने मिळवले. साल आहे २१३१. सूर्यमालेत एक अनोळखी वस्तू शिरते. खगोलशास्त्रज्ञांची ग्रीक आणि रोमन देवांची नावं तोवर संपलेली असतात, म्हणून ते हिंदू देवांकडे वळलेले असतात आणि वस्तूचं नाव पडतं रामा. जवळ जाऊन बघावं तर तो चक्क घडवलेला दंडगोल: लांबी ५० किलोमीटर, व्यास २०, आणि चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरा.

यंत्रावर जीव असलेल्या वाचकासाठी हे पुस्तक म्हणजे मेजवानी आहे. लेथवर फिरणारा जॉब ज्याने रोज पाहिला आहे त्याला आतून पोकळ, फिरत्या दंडगोलात जमीन कुठे असेल आणि आभाळ कुठे, हे समजावून सांगावं लागत नाही. आतल्या भिंतीला चिकटून एक गोल समुद्र आहे. मान वर करून पाहिलं की तोच समुद्र डोक्यावर. जिने तीन, दारं एकामागोमाग तीन, आतल्या काही यंत्रजीवांना पायही तीन. कमांडर नॉर्टनची माणसं मोजमापं घेत हिंडतात, थक्क होतात, आणि मुक्काम संपताच बाहेर पडतात. रामा सूर्याजवळून ऊर्जा घेतो, दिशा बदलतो आणि निघून जातो. तो कुणी बनवला, का आला, कुठे चालला, काही कळत नाही. माणसांची त्याने दखलसुद्धा घेतलेली नसते. कादंबरीचं शेवटचं वाक्य मात्र हळूच सुचवतं की हे लोक सगळं तिनाच्या पटीत करतात.

झालं! वाचकांनी याचा अर्थ काढला तो असा, की आणखी दोन रामा यायचे आहेत. क्लार्कने पुढे स्पष्ट सांगितलं की पुढचा भाग लिहिण्याचा काही विचार नव्हता. ते वाक्य शेवटचा हात फिरवताना सुचलं. पण सोळा वर्षांनी, १९८९मध्ये, ‘रामा टू’ आलंच. मग १९९१मध्ये ‘द गार्डन ऑफ रामा’ आणि १९९३मध्ये ‘रामा रिव्हील्ड’. या तिन्हींवर क्लार्कच्या जोडीला जेंट्री ली यांचं नाव आहे, आणि लिखाणाचा बराचसा भार त्यांचाच मानला जातो.

गंमत अशी की ली हा हाडाचा इंजिनिअर. मंगळावरच्या वायकिंग मोहिमेत आणि गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ मोहिमेत त्याने काम केलं; कार्ल सेगनच्या ‘कॉसमॉस’ मालिकेतही तो भागीदार होता. इंजिनिअरने लिहिलेल्या पुस्तकात यंत्र जास्त असेल असं वाटावं, तर झालं उलटं. दुसऱ्या पुस्तकात मोहिमेवरच्या माणसांची भांडणं, कारस्थानं, प्रेमप्रकरणं आणि डॉक्टर निकोलच्या पोटी जन्मलेलं इंग्लंडच्या राजघराण्यातलं मूल यांनी पानंच्या पानं भरली. पुस्तक पहिल्याच्या जवळपास दुप्पट झालं. रामा मागे सरला, पडद्यासारखा.

माणसं नीट रंगवलीच नाहीत ही पहिल्या पुस्तकावरची नेहमीची टीका. ती खरीही आहे. नॉर्टन आणि त्याचे सहकारी पुस्तक मिटल्यावर चेहऱ्याने आठवत नाहीत. ही तक्रार पुढच्या भागात दूर केली गेली, अगदी व्ही-टूसारखी. तरी वाचक खट्टू झाले, ते तेवढ्यावरून नाही. शेवटच्या भागात उलगडा होतो की ही यानं विश्वनिर्मात्याच्या वतीने अंतराळात फिरू लागलेल्या जीवांची मोजदाद करत हिंडतात. वीस वर्षं डोक्यात फिरणारं कोडं सुटलं, आणि सुटल्याक्षणी ते लहान झालं. पहिल्या पुस्तकात जी उणीव भासत होती तीच त्याची ताकद होती. वाचक ‘सांगा, सांगा’ म्हणत होते ते सांगितलं जाऊ नये म्हणूनच, असं म्हणणं जरा उद्धटपणाचं होईल. पण त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी खरं आहे.

आयझॅक असिमॉव्हची गोष्ट वेगळी. त्याची ‘फाउंडेशन’ त्रयी १९५१ ते १९५३ दरम्यान पुस्तकरूपात आली, आणि मग जवळपास तीस वर्षं त्याने त्या जगाकडे पाठ फिरवली. ‘फाउंडेशन्स एज’ आलं १९८२मध्ये. ते भरपूर खपलं, ह्यूगोही मिळाला, तेव्हा निराशा सार्वत्रिक होती असं कुणी म्हणू नये. खटका उडाला तो १९८६च्या ‘फाउंडेशन अँड अर्थ’पाशी. मूळ त्रयीचा कणा म्हणजे हॅरी सेल्डनचं गणित: एकेका माणसाचं भविष्य सांगता येत नाही, पण अब्जावधींच्या समूहाचं सांगता येतं. नव्या भागात त्या सगळ्यामागे हजारो वर्षं खपणारा एक यंत्रमानव निघाला. यंत्रमानवांच्या कथा आणि फाउंडेशन यांना एका माळेत ओवण्याची असिमॉव्हची हौस भागली, गणिताचा मात्र बिचाऱ्याचा मान गेला. कथा पुढे न्यायला वाट उरली नाही, म्हणून उरलेली दोन पुस्तकं त्याने मागे जाऊन, सेल्डनच्या तरुणपणापासून लिहिली.

इतक्या वर्षांनी जुनं नाव परत येतं तेव्हा काय होतं, हे आकुर्डीकरांना वेगळं सांगायला नको. तिथल्या बजाजची चेतक स्कूटर सुरू करण्याआधी एका अंगाला झुकवायची, क्षणभर तशीच धरायची, मग सरळ करून किक मारायची. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरावं म्हणून केलेला हा नमस्कार घरोघरी रोज सकाळी व्हायचा. बजाजने २००९मध्ये स्कूटरमधून बाहेर पडण्याचं जाहीर केलं, आणि दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१९मध्ये, विजेवर चालणारी चेतक दाखवली. गाडी देखणी आहे. पण तिला झुकवायला काही कारणच नाही. जुन्या नावावर भाळून आलेला माणूस तिच्यात जे शोधतो, ते खरं तर एका दोषातून जन्मलेलं होतं.

मुद्दाम निराश करणारेही लेखक असतात. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ आधी जॉन कॅम्पबेल यांच्या ‘अ‍ॅनालॉग’ मासिकात क्रमशः आली. पुढचा भाग ‘ड्यून मसाया’ मात्र कॅम्पबेल यांनी नाकारला. जिंकलेला नायक पुढे स्वतःच्याच विजयाखाली चिरडला जातो, हे त्यांना पटलं नाही. तो भाग १९६९मध्ये ‘गॅलेक्सी’त छापून आला. म्हणजे त्या पुस्तकावर पहिला नाराज झालेला वाचक संपादकच होता.

आणि ज्यूल व्हर्न? भा. रा. भागवतांनी तो मराठी घरांत आणला. तोफेच्या गोळ्यातून चंद्राकडे निघालेल्या बाल्टिमोरच्या गन क्लबला व्हर्नने १८८९मध्ये तिसऱ्यांदा कामाला लावलं. या खेपेला त्यांना अजस्र तोफेच्या धक्क्याने पृथ्वीचा आसच हलवायचा असतो. योजना फसते, कारण हिशेब करताना क्लबच्या मास्टनसाहेबांचं लक्ष उडतं आणि पृथ्वीच्या परिघातली तीन शून्यं गळतात. पहिल्या दोन पुस्तकांची कीर्ती याला लाभली नाही. पण ड्रॉइंगवर मिलिमीटरऐवजी सेंटिमीटर वाचून आख्खा लॉट भंगारात घातलेल्या माणसाला हा तिसरा भागच सगळ्यात खरा वाटेल!

मराठीत मात्र या दुःखाला फारशी जागाच मिळाली नाही. इथली विज्ञानकथा वाढली ती दिवाळी अंकांत आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत, म्हणजे एका बैठकीत संपणाऱ्या कथेच्या रूपाने. १९७४मध्ये त्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ पहिली आली. जयंत विष्णू नारळीकर यांनी स्वतःची आद्याक्षरं उलटी करून ते नाव घेतलं होतं. नारळीकर, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर यांच्या कथा धक्का देऊन थांबतात. दिवाळी अंकाच्या संपादकाला वर्षातून एक कथा हवी असे, आणि पुढच्या वर्षी नवी. मागच्या वर्षीचा अंक वाचकाने रद्दीत घातला असेल हे गृहीतच होतं. मराठी वाचकाला मालिकांची तहान भागवायची तर फास्टर फेणे होता, तोही विज्ञानकथेतला नव्हे. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या भागाने केलेला अपेक्षाभंग इथे आला तो इंग्रजी पेपरबॅकमधून, पुण्याच्या फुटपाथवर अर्ध्या किमतीत, आणि तोही क्रम सोडून: आधी ‘गार्डन’, मग सहा महिन्यांनी मूळ ‘रामा’.

नारळीकरांच्या एका कादंबरीचं नाव या संदर्भात हटकून आठवतं. प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या सापडलेल्या ठेव्यावरून बनवलेल्या बुटक्या यंत्रमानवाची ती गोष्ट. मराठीत तिचं नाव आहे ‘वामन परत न आला’. इंग्रजीत तीच कादंबरी ‘द रिटर्न ऑफ वामन’ या नावाने निघाली. एकाच पुस्तकात मराठीतला वामन गेला तो गेलाच, आणि इंग्रजीतला मुखपृष्ठावरच परत आलेला!