चहा नको म्हणणारी शेजारीण

आपल्याकडे घरी आलेल्या बाईला चहा विचारला आणि ती ‘नको’ म्हणाली, तर ते आपण खरं मानतच नाही. ‘अर्धा कप तरी घ्या’ म्हणत आधण ठेवतोच. पण धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मी अमेरिकेत, सॉल्ट लेक सिटीजवळ गेले होते, तेव्हा एक खरोखरचं ‘नको’ ऐकलं.

बाळ घरी आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या बाई गरम जेवणाचं भांडं घेऊन दारात उभ्या. पन्नाशी ओलांडलेल्या, हसऱ्या. मी आलं ठेचायला घेतलं, तर बहीण हळूच म्हणाली, ‘‘ताई, त्या मॉर्मन आहेत. चहा-कॉफी घेत नाहीत.’’ मग मी नुसता गवती चहा आणि आलं उकळून दिलं. चहाची पूड नाही, म्हणजे चालतं! एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, ‘‘या ‘नको’पायी जपानमध्ये मी किती आज्यांना दुखवलं असेल!’’

जपान कुठून आलं मध्येच? मी विचारलं आणि पुढच्या तीन महिन्यांत, बाळाला मांडीवर घेऊन, त्यांनी ती गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी सांगितली.

येशू ख्रिस्ताला मानणारा हा पंथ जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेत स्थापन केला. १८४७ पासून युटा हे त्यांचं मुख्य ठिकाण. या घरांतली तरुण मुलं शिक्षण, नोकरी बाजूला ठेवून धर्मप्रचाराला जातात. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. मुलांनी जावं अशी अपेक्षाच असते, मुलींचं त्यांच्या इच्छेवर. मात्र जायचं कुठे, हे आपण ठरवायचं नाही. तेव्हा चर्चचं पत्र यायचं, घरातले सगळे गोळा व्हायचे आणि पाकीट फोडलं की कळायचं.

१९९२ साली यांच्या पाकिटातून निघालं सप्पोरो, म्हणजे जपानच्या उत्तरेचं बर्फाळ शहर. वय २१. तेव्हा मुलींसाठी तीच अट होती, २०१२ मध्ये ती १९ वर आली. प्रोव्हो गावातल्या प्रशिक्षण केंद्रात दोनेक महिने जपानी शिकून त्या विमानात बसल्या. पगार नाहीच, उलट महिन्याला साधारण साडेतीनशे डॉलर घरून भरायचे.

दिवस कसा? सकाळी साडेसहाला उठायचं. व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथांचा अभ्यास, भाषेचा अभ्यास. मग छातीवर नावाचा काळा बिल्ला लावून, स्कर्ट सावरत सायकलवर बाहेर. दारोदार जायचं, रस्त्यात लोकांशी बोलायचं, फुकट इंग्रजी शिकवायचं. रात्री साडेनऊला घरी, साडेदहाला दिवा बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, कादंबरी नाही. सोमवारी कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी पत्र लिहिणं. सप्पोरोत हिवाळाभरात मिळून चार-पाच मीटर बर्फ पडतं. तेव्हा सायकल ठेवून द्यायची आणि चालायचं.

‘‘आणि दारं?’’ मी विचारलं.

‘‘बंद!’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण जपानी माणूस दारही वाकून, नम्रपणे बंद करतो. त्यामुळे जास्तच रडू येतं.’’ एखादी आजी आत बोलवायची, कौतुकानं हिरवा चहा पुढे ठेवायची आणि यांना तो नाकारावा लागायचा. पुढे युक्ती सापडली. सातूचा काढा पितात तिकडे, तो चालायचा. तोच मागायचा.

मला हे ऐकताना आमच्या बचत गटाचे सुरुवातीचे दिवस आठवत होते. आम्ही उन्हातून घरोघर फिरायचो आणि दाराआडून पुरुषाचा आवाज यायचा, ‘बाई घरात नाहीत.’ मागे बांगड्या तर वाजत असायच्या!

पण या नोकरी नसलेल्या नोकरीतली सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती, जोडीदारीण. कधीही एकटं राहायचं नाही हा नियम. चोवीस तास दोघी एकमेकींच्या नजरेसमोर, न्हाणीघर तेवढं सोडून. आपली आपण निवडायची नाही आणि दर सहा आठवड्यांनी बदली होऊ शकते. यांच्या वाट्याला एक जपानी मुलगी आली. अबोल. भांडी घासताना बोलायची नाही, चुकलं तर सांगायची नाही. ‘‘मला ती मुळीच आवडत नव्हती,’’ बाई स्पष्ट म्हणाल्या.

तेव्हा घरी फोन वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मे महिन्यातल्या मातृदिनाला. सप्पोरोत तेव्हा कुठे चेरी फुलते. जपानमध्येही मातृदिन त्याच दिवशी आणि आईला लाल कार्नेशन द्यायची पद्धत. रविवारी खरेदी करायची नाही, म्हणून जोडीदारणीनं शनिवारीच एक फूल आणलं आणि पेल्यात घालून खिडकीत ठेवलं.

सोमवारी सकाळी, म्हणजे युटात रविवारची संध्याकाळ, यांनी फोन लावला. आई, बाबा, भावंडं, आजी, सगळे रांगेत. रडणं, हसणं. फोन ठेवून म्हणाल्या, ‘‘आता तू कर.’’

ती म्हणाली, ‘‘फोन बाबा उचलतात.’’

कॉलेजात असताना तिनं हा धर्म स्वीकारला होता. प्रचाराला निघाली, तेव्हा वडिलांनी सांगितलं होतं की या घरात परत यायचं नाही. यांना विमानतळावर सगळं खानदान सोडायला आलं होतं. ती मात्र एकटीच बॅग घेऊन निघाली होती. ‘‘दिवसभर ती परक्यांची दारं ठोठावत होती,’’ बाई म्हणाल्या, ‘‘आणि मी तिला घुमी म्हणत होते.’’

त्या दिवसापासून दोघींत काहीतरी सैल झालं. थंडी पडल्यावर एक खोकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत लोकरीचे मोजे आणि उमेबोशीची बरणी. उमेबोशी म्हणजे तिकडचं खारवलेलं आंबट फळ, आपल्या लोणच्यासारखं. बरणी बघूनच तिनं ओळखलं. आईचं लोणचं कुठली मुलगी ओळखत नाही? वडील मात्र पुढे तिच्या लग्नालाही आले नाहीत. दोघींची पत्रं अजून चालू आहेत.

एक प्रश्न मला सलत होता. तो मी विचारलाच. दुसऱ्याच्या दारात जाऊन ‘माझा धर्म घे’ म्हणणं बरोबर आहे का? रागावतील असं वाटलं होतं. पण त्या बाळाला थोपटत म्हणाल्या, ‘‘एकविसाव्या वर्षी मला शंकाच नव्हती. श्रद्धा आजही आहे. पण तिच्या घरात जे तुटलं, ते मी जवळून पाहिलं. आता कुणाला काही सांगायच्या आधी मी खूप वेळ ऐकते.’’ दीड वर्षात त्यांच्यामुळे तिघं चर्चमध्ये आले, त्यातला एक टिकला. हिशोब त्यांनी स्वतःच सांगितला, न लाजता.

आता नियम बरेच बदललेत. मुलींना २०१८ पासून पँट घालता येते, २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन करता येतो. ‘‘बरंच झालं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आईचा आवाज वर्षातून दोनदा म्हणजे फार कमी.’’

त्यांची सगळी मतं मला पटली असं नाही. पटायलाच हवीत असंही नाही. पण मैत्रिणींनो, परत आल्यापासून एक झालंय. दुपारी साबण नाहीतर मसाल्याची पाकिटं विकणाऱ्या मुली येतात, तेव्हा पूर्वी मी जाळीच्या दारातूनच हात हलवायचे. आता दार उघडते. घ्यायचं नसेल तर ‘नको’ म्हणते, पण पाण्याचा तांब्या पुढे करते. आणि विचारते, ‘‘घरी आई असते का गं?’’