वीज परतली, संगणक मात्र बंदच : यूपीएसच्या सॉफ्टवेअरमधील दोषशोध

अंडी उबवण यंत्रात कोंबडीची अंडी २१ दिवस ठेवावी लागतात आणि तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. त्याची नोंद घेऊन धोक्याची सूचना देणारा संगणक यूपीएसवर चालतो. रात्री वीज जाते, पहाटे परत येते. संगणक मात्र बंदच राहतो आणि सूचना देणारे कोणी उरत नाही. दोष बॅटरीचाच धरला जातो. प्रत्यक्षात तो अनेकदा यूपीएसवर देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मांडणीत असतो.

‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ या मोफत प्रणालीत कामाची वाटणी स्पष्ट दिसते. ड्रायव्हर यूपीएसकडून माहिती घेतो, सर्व्हर ती पुढे पुरवतो आणि मॉनिटर वेळ येताच संगणक बंद करतो. ‘डेटा स्टेल’ असा संदेश आला, तर ड्रायव्हरपर्यंत ताजी माहिती पोहोचत नाही, असे समजावे. ‘एपीसीयूपीएसडी’ या दुसऱ्या प्रणालीत हीच स्थिती ‘कॉमलॉस्ट’ या शब्दाने दर्शविली जाते. येथे प्रथम केबल व ड्रायव्हर तपासावेत. नवी बॅटरी आणून काही साधत नाही. सिरीयल केबल केवळ खाचेत बसते म्हणून लावू नये. काही यूपीएसमध्ये जोडणी निराळी असते आणि साधी केबल लावताच यूपीएस बंद पडू शकतो.

बॅटरीविषयी सॉफ्टवेअर जे सांगते, तो यूपीएसने केलेला अंदाज असतो. पडद्यावर वीस मिनिटे दिसतात आणि दोन मिनिटांत अंधार होतो, याचे कारण बहुधा जीर्ण बॅटरी. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारणपणे निम्मे होते. भिलाईतील रुआबांधा असो वा चंद्रपूर, मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. पत्र्याच्या खोलीतील यूपीएसची स्थिती सांगायलाच नको. ‘एपीसीयूपीएसडी’मध्ये संगणक बंद करण्याची मूळ मर्यादा ५ टक्के प्रभार किंवा ३ मिनिटे शिल्लक अशी असते. जुन्या बॅटरीसाठी ती वाढवणेच शहाणपणाचे.

आता पहाटेच्या प्रश्नाकडे. सॉफ्टवेअरने संगणक बंद करण्यास घेतले आणि तेवढ्यात वीज आली, तर यूपीएसचा पुरवठा एकदाही खंडित होत नाही. संगणकाच्या दृष्टीने वीज गेलेलीच नसते. मग तो आपोआप सुरू कसा होणार? यावर उपाय दुहेरी आहे. संगणक बंद होताना अखेरीस यूपीएसने आपला पुरवठा तोडून वीज आल्यावर पुन्हा जोडावा, अशी आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये चालू ठेवावी. तसेच वीज परतताच संगणक सुरू व्हावा, हा पर्याय त्याच्या बायोसमध्ये निवडावा. यांपैकी एकच केल्यास काम अर्धवट राहते.

चाचणी उबवण यंत्र रिकामे असतानाच करावी. संगणक थेट भिंतीवरील सॉकेटला जोडावा, त्याची माहितीची केबल मात्र यूपीएसलाच राहू द्यावी आणि यूपीएसवर संगणकाइतक्याच वॅटचे पिवळे बल्ब लावावेत. प्लग उपसू नये, कारण त्याने अर्थिंगही सुटते. यूपीएसच्या सॉकेटचे बटण बंद करावे. बल्ब किती मिनिटे जळतात आणि संगणक कितव्या मिनिटाला बंद होऊ लागतो, हे दोन्ही आकडे यूपीएसवरच चिकटपट्टीने लावून ठेवावेत. संगणक पूर्ण बंद होऊन बल्बही विझल्यावर बटण पुन्हा चालू करावे आणि बल्ब आपोआप पेटतात का ते पाहावे. बायोसची निवड मात्र संगणक पुन्हा यूपीएसवर घेऊन वेगळी तपासावी लागते.