क्वार्टरबॅकची घडण

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने टोलविला जाणारा चेंडू उभा राहतो. अमेरिकेत त्याच नावाचा खेळ अगदी निराळा आहे. तेथे चेंडू लांबट असतो. तो बहुधा हातात घेऊन धावतात किंवा फेकतात. आणि अकरा जणांच्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो व नवा व्यूह रचला जातो. या व्यूहाचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. चेंडू कोणाकडे जावयाचा, हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवितो.

हा सूत्रधार घडतो महाविद्यालयात. व्यावसायिक संघ १९३६ पासून दरवर्षी महाविद्यालयांतील खेळाडू पाळीपाळीने निवडून घेत आले आहेत. तेव्हा प्रश्न असा की, महाविद्यालयात शिकविलेली आक्रमणाची पद्धती पुढे धंद्यात कितपत कामी येते? या प्रश्नाच्या उत्तरावर तरुणांच्या उमेदीची वर्षे अवलंबून असतात, म्हणून तो केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे.

महाविद्यालयीन प्रशिक्षकाची अडचण आधी ध्यानात घेऊ. हंगामात आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक सराव घेण्यास नियमाने मनाई आहे, आणि चार-पाच वर्षांत विद्यार्थी निघून जातो. म्हणून लवकर अंगवळणी पडेल अशी पद्धती त्याला हवी असते. हॅल ममी व माइक लीच या दोघांनी १९८९ पासून आयोवा वेस्लियन या लहानशा महाविद्यालयात अशीच एक पद्धती बसविली. तिला ‘एअर रेड’, म्हणजे हवाई हल्ला, असे नाव पडले. डाव मोजकेच, पण ते पुन्हा पुन्हा घोटलेले. चेंडू झेलणारे गडी मैदानभर पांगलेले. क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा. आणि प्रशिक्षकाची खूण कडेवरून.

मैदानाची आखणीही तिला सोयीची. चेंडू कडेला अडला की पुढचा प्रयत्न आतल्या खुणेवरून सुरू होतो. या खुणांच्या दोन ओळींतील अंतर महाविद्यालयीन खेळात ४० फूट, तर व्यावसायिक खेळात १८ फूट ६ इंच आहे. म्हणजे विद्यार्थ्याला एका अंगास मोकळे रान अधिक मिळते. व्यावसायिक मैदानावर ते रान आखडते, आणि समोरचे रक्षकही अधिक चपळ असतात.

तेथे कामही वाढते. १९९४ पासून व्यावसायिक प्रशिक्षकाचा आवाज क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात ऐकू येतो. पण चेंडू खेळात आणण्याच्या मुदतीचे १५ सेकंद उरले की तो बंद होतो. त्यापुढे सारी जबाबदारी एकट्याची. लांबलचक सूचना सोबत्यांना बिनचूक सांगावयाची, प्रतिपक्षाची मांडणी वाचावयाची, गरज पडल्यास डाव बदलावयाचा. कडेकडे पाहून खेळण्याची सवय लागलेल्या तरुणाला हे नव्याने शिकावे लागते.

टेक्सस टेक विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लीच २००० ते २००९ या काळात तेथे प्रशिक्षक होते. त्यांचा शिष्य क्लिफ किंग्जबरी याला २००३ मध्ये सहाव्या फेरीत निवडले गेले. मैदानात उतरण्याची संधी मात्र नाममात्रच मिळाली. त्याच्या जागी आलेल्या बी. जे. सायमन्सने २००३ च्या एका हंगामात ५,८३३ यार्डांच्या फेकी केल्या. तो त्या वेळचा महाविद्यालयीन उच्चांक होता. तरी त्याची निवड सातव्या फेरीत झाली आणि व्यावसायिक साखळीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. जाणत्यांनी निष्कर्ष काढला: हे आकडे पद्धतीचे, माणसाचे नव्हेत.

पुढे किंग्जबरी त्याच विद्यापीठात प्रशिक्षक झाला. त्याचा शिष्य पॅट्रिक महोम्स. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले, पण लगेच पुढे केले नाही. अॅलेक्स स्मिथ या अनुभवी खेळाडूच्या मागे त्याने जवळजवळ पूर्ण हंगाम शिकण्यात घालविला. २०१८ मध्ये त्याने ५,०९७ यार्ड व ५० गोलफेकी केल्या आणि तो वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

महोम्सचा हात असामान्य, हे खरेच. सायमन्सला अशी सवड मिळती तर तोही महोम्स झाला असता, असे आम्ही म्हणत नाही. पण जॅरेड गॉफकडे पाहा. कॅलिफोर्निया विद्यापीठात तो याच कुळातील पद्धतीत वाढला. २०१६ मध्ये तो पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि त्या वर्षी सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने हरला. पुढल्या वर्षी शॉन मॅकव्हे हे नवे प्रशिक्षक आले. संघाने ११ सामने जिंकले. माणूस तोच, पूर्वशिक्षणही तेच. बदलला तो पुढचा शिक्षक.

यावरून आम्हांला असे वाटते की, महाविद्यालयाची पद्धती अर्धीच तयारी करून देते. चटकन निर्णय घेणे, नेमकी फेक करणे, एकच गोष्ट हजारदा घोटणे, ही तिची देणगी. ती वाया जात नाही. उरलेली अर्धी तयारी सवड देणाऱ्या आणि समजून घेणाऱ्या संघाच्या हाती असते. सातव्या फेरीतील मुलासाठी अशी सवड क्वचितच निघते. म्हणून निवड करणाऱ्याने मुलाचे आकडे तपासताना स्वतःलाही एक प्रश्न विचारावा: याला जे येत नाही, ते शिकविण्याची आपली तयारी आहे काय?